वन्संचा खालचा सूर

वहिनीला गाण्यातलं कळत नव्हतं असं कुणी म्हणालं, तर त्याला खुशाल वेड्यात काढा. रेडिओवर गाणं लागलं की पहिली ओळ संपायच्या आत ती दुसरी सांगायची, आणि गाणाऱ्याने कुठे श्वास चोरला तेही. तिचं म्हणणं एवढंच होतं की गाणं म्हटलं की त्याला शब्द हवेत, ठेका हवा, आणि कितीही भटकून आलं तरी शेवटी ते पहिल्या ओळीवर घरी यायला हवं. यात काय चुकलं? निम्मं जग असंच म्हणेल. पण तिच्याच घरात, तिच्याच पाठीमागच्या खोलीत एक बाई वर्षानुवर्षं असं काहीतरी गात होती, की ज्याला शब्द नाही, ठेका नाही, आणि घरी यायचं तर नावच नाही.

ती बाई म्हणजे तिची नणंद. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा ही नणंद दोन वेण्या घालून शाळेत जात होती. एवढ्याशा पोरीला वहिनीने पहिल्याच दिवशी गमतीने हात जोडून "या वन्सं, बसा वन्सं" म्हटलं. पोरगी खो खो हसली, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे वन्संनी लग्न केलं नाही. का केलं नाही, हे गल्लीने सरळ विचारून पाहिलं, नातेवाइकांनी आडून विचारून पाहिलं. शेवटी विचारणारे थकले, आणि वन्सं मागच्या खोलीत मजेत राहिल्या. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. या दोघींचं इतकं पटायचं की वहिनीचा नवरा म्हणायचा, "या घरात जावई मीच."

नवरा छापखान्यात मशीनवर होता, म्हणून सगळे त्याला छापखानेवाले म्हणत. मशीनच्या धडधडीने त्यांचा डावा कान केव्हाच गेला होता. उजवा शाबूत होता, पण नको ते ऐकायचं नसलं की तोही गेल्यासारखं करायचे. नवऱ्यांना हे जमतंच.

वहिनी घरी बसून रफू करायची. ड्रायक्लीनरकडून कपडे यायचे. कुणाचा कोट सिगारेटने जळलेला, कुणाची शाल खिळ्यात अडकून फाटलेली, कुणाचा स्वेटर कसरीने खाल्लेला. त्याच कपड्याच्या आत दुमडलेल्या शिवणीतून धागा ओढून काढायचा आणि भोकावर उभा-आडवा विणत जायचं. वरून बोट फिरवलं तरी कळता कामा नये. "लोक म्हणतात, कशात काय नि फाटक्यात पाय," ती म्हणायची, "माझे तर दोन्ही पाय फाटक्यातच." उजेड लागतो म्हणून जेवणं उरकली की ती खिडकीशी बसायची, आणि ऊन भिंतीवर चढेपर्यंत मान वर करायची नाही.

वन्सं एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोनच्या बोर्डावर होत्या. सकाळची पाळी करून दुपारी घरी यायच्या. दिवसभर "थांबा, जोडते", "लाइन धरून ठेवा", "वॉर्ड कुठला म्हणालात?" समोरून कुणी रडतंय, कुणी शिव्या देतंय. घरी आल्या की अर्धा तास एक अक्षर बोलायच्या नाहीत. अशातच कधीतरी त्यांना ते गाणं भेटलं. एका शाळेत, चित्रकलेच्या वर्गात, दर शनिवारी संध्याकाळी काही माणसं जमायची आणि परदेशातून शिकून आलेल्या एक बाई त्यांच्याकडून गाऊन घ्यायच्या. वाद्य एक नाही. शब्द नाहीत, नुसतं आ, ऊ, नाहीतर ओठ मिटून घुमवायचं. आणि सगळ्यांत विचित्र म्हणजे सगळ्यांनी मिळून एक चाल गायची नाही. एकाच वेळी याने हे गायचं, त्याने ते.

वन्संच्या वाट्याला आला बायकांतला सगळ्यांत खालचा आवाज. त्याची तालीम त्या रोज दुपारी मागच्या खोलीत करायच्या. आता ते ऐकायला कसं होतं ते सांगतो. एक खोल सूर लागायचा आणि लागूनच राहायचा. बाई श्वास घेते की नाही अशी शंका यायची. मग तो किंचित खाली सरकायचा, पाय निसटल्यासारखा. मग गप्प. आपण म्हणावं संपलं एकदाचं, तोच पुन्हा एक सूर, एकटाच. अंधाऱ्या जिन्यातून कुणी उतरतंय आणि मध्येच थांबून वर बघतंय, असं वाटायचं.

"वन्सं, पोटात दुखतंय का हो?" वहिनी सुई न थांबवता विचारायची.

"अगं वहिनी, ही नुसती एक ओळ आहे. बाकीच्या ओळी दुसऱ्यांच्या घरी आहेत."

"म्हणजे गाणं वाटून घेतलंय? आणि आपल्या वाट्याला हे आलं?"

"हो."

"भावाची बहीण शोभता. वाटणीत कधी चांगलं म्हणून काही उचललं नाहीत."

वन्सं पलीकडून हसायच्या आणि पुन्हा त्याच जिन्यात उतरायच्या. छापखानेवाले रविवारी घरी असले की बाहेरच्या खोलीतून ओरडायचे, "छोटी, जरा हळू गं!" आणि उजवा कान उशीत खुपसून झोपायचे. कुणालाच ते आवडत नव्हतं. खोटं कशाला बोला? ते सहन केलं जायचं, गळक्या नळासारखं.

एकदा मात्र वन्संनी नीट सांगायचा प्रयत्न केला. वहिनीच्या समोर येऊन बसल्या, मांडीवरचा कोट बाजूला केला आणि म्हणाल्या, "दिवसभर शब्दच शब्द असतात गं. मी थांबले की लाइन तुटते. तिथे तसं नाही. मी थांबले तरी गाणं थांबत नाही. दुसरं कुणीतरी धरून ठेवतं. तेवढ्या वेळात मी श्वास घेते."

"बरं बाई," वहिनी म्हणाली. तिला ओ की ठो कळलं नव्हतं.

"एकदा ये ना. सगळं एकत्र ऐक. मग सांग."

"येईन हो. एवढा कोट संपू दे."

तो कोट संपायचा आणि दुसरा यायचा. वन्सं दर वेळी विचारायच्या, न रागावता. वहिनी दर वेळी यायचं कबूल करायची, आणि तेही मनापासून. शनिवार काय, पुढच्या आठवड्यातही असतोच. आपण सगळे असेच वागतो. तिला एकटीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

मग वन्सं गेल्या. साधा ताप म्हणून झोपल्या, छातीत उतरला, आणि ज्या हॉस्पिटलात जन्मभर दुसऱ्यांच्या लाइनी जोडल्या तिथेच संपल्या. सगळं इतक्या भराभर झालं की वहिनीला रडायला उसंत मिळाली नाही. भेटायला आलेल्यांत त्या गाण्याच्या बाईही होत्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्ही वहिनी ना? तुमच्याबद्दल फार बोलायच्या. एकदा या आमच्याकडे." वहिनीने मान हलवली. माणूसच राहिलं नाही, आता कुणासाठी जायचं?

मागच्या खोलीचं दार तिने लोटून घेतलं. काही आठवड्यांनी ड्रायक्लीनरचा गठ्ठा पुन्हा यायला लागला, आणि ती पुन्हा खिडकीशी बसायला लागली.

आणि एका दुपारी तो सूर आला.

ती एका करड्या कोटाची कोपर भरत होती. काम चालू असताना केव्हातरी तिच्या लक्षात आलं की घरात तो आवाज आहे. आत्ता सुरू झाला असं नाही, बराच वेळ चालू असावा. तोच खोल, ओढलेला सूर. तिने मान वर केली, आणि तत्क्षणी सगळं गप्प. उठून तिने मागचं दार ढकललं. पलंग, घडी केलेली चादर, खुंटीला टांगलेली वन्संची पर्स. कुणी नाही. तिच्या घशाला इतकी कोरड पडली होती की माठातलं दोन भांडी पाणी ती उभ्या उभ्या प्यायली.

मनाचे खेळ, असं तिने स्वतःला बजावलं. पण दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि मग रोजच होऊ लागलं. काम रंगात आलं की आवाज असायचा. ती सावध झाली की नसायचा. कान टवकारून बसलं तर दुपारभर टाचणी पडलेली ऐकू यावी इतकी शांतता. जरा विसर पडला, सुई वेगात चालायला लागली, की पुन्हा केव्हातरी जाणवायचं, वन्सं इथेच आहेत, त्यांच्या त्या सुरांच्या जिन्यात, मध्येच थांबलेल्या. वहिनीच्या हाती नेहमी शेपूटच यायचं, पुरता सूर कधी नाही. भीतीने ती निम्मी झाली. बोटांना सुया टोचायला लागल्या. एका पांढऱ्या शालीवर रक्ताचा थेंब पडला, आणि असं तिच्या हातून आयुष्यात कधी झालं नव्हतं.

तिने मागच्या खोलीला कुलूप घातलं. आवाजाला कुलूप कसलं? मग तिने रेडिओ मोठ्याने लावून काम करायला सुरुवात केली. रेडिओ असला की ते व्हायचं नाही. पण छापखानेवाले बाहेरच्या खोलीतून यायचे आणि बटण पिरगाळून तो बंद करायचे.

"डोकं उठलंय माझं."

"एका कानाने बहिरे तुम्ही, तुमचं डोकं कसं उठतं?"

"उरलेल्या कानाने उठतं."

ते आता निवृत्त झाले होते. पूर्वी दुपारी ढाराढूर झोपायचे. बहीण गेल्यापासून झोपतच नव्हते. खुर्ची त्यांनी मधल्या दारात आणून ठेवली होती, आणि येता-जाता वहिनी तिला अडखळायची. वारा लागतो म्हणे. त्या दारात वारा लागल्याचं वहिनीच्या तरी ऐकिवात नव्हतं.

शेवटी एक दिवस न राहवून तिने नवऱ्याला सांगितलं. "अहो, वन्सं गातात."

ते भिंतीकडे बघत राहिले. "मला नाही ऐकू आलं काही."

"रोज दुपारी. त्यांचंच ते. मला वेड लागलंय का हो?"

"वेड कसलं? आठवण येते माणसाची." एवढं बोलून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. पण पान काही उलटलं नाही.

त्यांची लेक दुसऱ्या गावी होती. तिने एक खोली रिकामी करून ठेवली होती, जावईही भला होता, आणि दर फोनला लेकीचं एकच टुमणं, "आई, आता तिथे काय आहे? दोघं इकडे या." वहिनी आता तयार होती. तयार कसली, पायाला पाय लावून पळायच्या बेतात होती. सुई-दोरा कुठेही नेता येतो. पण छापखानेवाले हलायला राजी नव्हते. आज नको, थोडे दिवस जाऊ दे, उन्हाळा होऊ दे. भांडणं झाली. एकदा तर वहिनी ओरडलीच, "तुम्हाला या भिंती प्याऱ्या का बायको? मी इथे भीतीने मरेन, तेव्हा जाल का लेकीकडे?"

त्या माणसाचा चेहरा कसनुसा झाला. पण पालथ्या घड्यावर पाणी. "थोडे दिवस," ते म्हणाले.

मग वहिनीनेच विचार केला. वन्सं गातायत त्या का गातायत? आपण जन्मभर 'येते, येते' म्हणून फसवलं म्हणून. आपण एकदा जाऊन बसावं, ते काय ते सगळं एकत्र ऐकावं, म्हणजे त्यांचं समाधान होईल आणि त्या गप्प होतील. एवढं करूनही गप्प झाल्या नाहीत, तर नवरा येवो न येवो, आपण लेकीचं घर गाठायचं. हे तिने नवऱ्याला स्पष्ट शब्दांत सांगून टाकलं.

"कशाला जातेस?" ते एकदम उठून उभेच राहिले. "नको जाऊस. काय ठेवलंय तिथे?"

"तेच बघायला चाललेय," वहिनी म्हणाली, आणि शनिवारी संध्याकाळी चप्पल घालून निघाली.

चित्रकलेचा वर्ग म्हणजे लहान मुलांची बुटकी बाकं, भिंतीलगत दोरीवर वाळत घातलेली चित्रं आणि पोस्टर रंगांचा वास. दहा-बारा माणसं होती. एक नळ दुरुस्त करणारा त्याच्या पिशवीसकट आला होता. एक दाताची डॉक्टरीण होती, हॉस्पिटलातला लिफ्टवाला होता, बाकीचे असेच कुणी ना कुणी. गाण्याच्या बाईंच्या स्वेटरला कोपरावर हे एवढं भोक होतं. ते बघून वहिनीची बोटं शिवशिवली आणि जरा धीर आला.

"खालच्या आवाजाला आता कुणी नाही," बाई म्हणाल्या. "ती ओळ आम्ही तशीच सोडतो. दुसऱ्या कुणाला घ्यायला मन होत नाही अजून."

वहिनी मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसली. बाईंनी हात उचलला आणि सगळे एकदम सुरू झाले.

आई गं! पहिल्यांदा तर तिला नळावरचं भांडणच आठवलं. वरच्या बायका एकीकडे, मधल्या दुसरीकडे, पुरुष तिसरंच काही घुमवतायत. कुणाचं लक्ष कुणाकडे नाही. या गोंधळासाठी वन्सं एवढ्या लांब पायपीट करायच्या? पण आली होती ती शेवटपर्यंत बसायला. बाईंनी तेच पुन्हा पहिल्यापासून घेतलं, आणि या खेपेला वहिनीने धरायला काहीतरी शोधलं. तिला या सगळ्यातलं एकच माहीत होतं, ते म्हणजे वन्संचं. म्हणून ती मनातल्या मनात त्या जिन्यातून उतरत राहिली आणि इकडे कान देत राहिली.

आणि हळूहळू तिला दिसायला लागलं. वन्सं जिथे तो लांबच लांब सूर धरून बसायच्या, तिथे वरच्या बायका एकेक पायरी चढत होत्या. खाली कुणी धरून ठेवल्याशिवाय त्यांना चढताच आलं नसतं. वन्सं जिथे गप्प व्हायच्या, तिथे पुरुषांचा आवाज पुढे येत होता. म्हणजे ती बाई मध्येच थांबत नव्हती. दुसऱ्याला वाट देत होती. आणि तो पाय निसटल्यासारखा सूर, ज्याला वहिनीने जन्मभर पोटदुखी म्हटलं, तिथे तर सगळं गाणंच पालटत होतं, खोलीतला दिवा कुणी बारीक करावा तसं. वहिनीचे डोळे भरून आले. इतकं सुंदर काहीतरी आपल्या पाठीमागच्या खोलीत चाललं होतं आणि आपण त्याचं एक टोक बघून हसत होतो. हे आधी का नाही ऐकलं? एक शनिवार, एक कोट बाजूला ठेवायचा होता फक्त.

तिसऱ्यांदा गाणं सुरू झालं तेव्हा तिने डोळे मिटले. आता तर ते भरून आलं होतं, कुठे भोक नव्हतं, खालचा सूरही जागच्या जागी होता. छान भरलं, तिच्या मनात आलं. मग तिने डोळे उघडले. सगळे तिच्याकडे बघत होते, गाता गाताच. बाई एका हाताने तिला खुणावत होत्या, थांबू नका, थांबू नका.

खालचा सूर तिच्या घशातून येत होता.

ती गप्पकन थांबली. गाण्यात पुन्हा भोक पडलं. समोर वन्सं उभ्या दिसल्या असत्या तरी ती एवढी घाबरली नसती. घशाला तीच कोरड पडली होती, रोज दुपारची.

"तुम्हाला ही ओळ येते?" बाईंनी विचारलं.

"नाही हो. मला नाही गाता येत."

"आत्ता गायलात की."

"ती मी नव्हते," वहिनी म्हणाली, आणि चहा न घेता निघाली.

घरी छापखानेवाले दारातच उभे होते. तिचा चेहरा बघून त्यांनी काही विचारलं नाही, नुसते म्हणाले, "कळलं तुला."

"म्हणजे?" वहिनी उंबऱ्यातच थांबली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी दिसलं. पाणी प्यायला आत येत होतो. तू शिवत होतीस. सुई चालली होती आणि ओठ मिटून तू छोटीचं ते गात होतीस. तुझं तुला भान नव्हतं."

"आणि बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर थांबली असतीस."

वहिनीचा संताप डोक्यात गेला. "मी इथे भीतीने अर्धी झाले. घराला कुलपं घातली, हाताच्या चाळण्या करून घेतल्या. आणि तुम्ही खुर्ची टाकून ऐकत बसलात? मी वेडी झालेय का विचारलं होतं तुम्हाला! तोंडावर विचारलं होतं!"

"हो."

"दया नाही आली?"

"आली," ते म्हणाले. "रोज यायची. उद्या सांगू म्हणायचो. मग दुपार व्हायची आणि छोटी गायला लागायची. ती असताना कधी ऐकलं नाही गं मी. उशीत कान घालून झोपलो. आता कुठे ऐकायला लागलो होतो." आणि तो दांडगा माणूस दाराला धरून रडायला लागला. बहीण गेल्यावर रडला नव्हता, तो आता रडला.

वहिनी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी राग ओसरला. ती खिडकीशी बसली, सुईत धागा ओवला. मधल्या दारात खुर्ची होती आणि खुर्चीत ते होते, उजवा कान आत करून. दोघांनाही माहीत होतं आपण कशाची वाट बघतोय. सुई चालली, ऊन भिंतीवर चढलं. काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम गाऊन पाहिलं. फाटका, चोरटा आवाज आला, तिचा स्वतःचा. दोन सुरांपुढे काही आठवेना. हात आपोआप चालतात तोवर चालतात. कसे चालतात म्हणून बघायला गेलं की बोटं अडखळतात. तसंच झालं. जे तिला न कळता येत होतं ते कळल्याबरोबर गेलं. घर आता खरोखरच सुनं होतं. मागची खोली उघडी टाकली तरी तिथून भीतीसुद्धा येईना. वहिनीला त्या भीतीची आठवण यायला लागली, सांगून कुणाला खरं वाटेल?

आठवड्याने छापखानेवाल्यांनी खुर्ची उचलून पुन्हा बाहेर नेऊन ठेवली. "चल, जाऊ लेकीकडे," ते म्हणाले. "आता काय आहे इथे?"

"शनिवारी माझ्याबरोबर चला," वहिनी म्हणाली. "मग बघू."

ते आले. मुलांच्या बाकावर त्यांचे पाय मावेनात. ते तिरके बसले, टोपी मांडीवर घेऊन. वहिनी वन्संच्या जागी उभी राहिली. घरी तर दोन सूरही जमले नव्हते. पण वरच्या बायका सुरू झाल्या, पुरुष खालून आले, आणि मध्ये तिची जागा तयार झाली. तिला आठवावं लागलंच नाही. बाकीच्यांनी तिला धरून ठेवलं आणि ती त्या जिन्यातून उतरत गेली, थांबली, श्वास घेतला, पुन्हा उतरली. वन्सं काय म्हणत होत्या ते तिला त्या श्वासात कळलं. गाणं संपलं तेव्हा तिला वाटलं, त्या इथे शेजारीच होत्या, खांद्याला खांदा लावून. तिने मोठ्या आशेने मागे नवऱ्याकडे बघितलं.

ते टोपीकडे बघत बसले होते.

परतताना ती त्यांच्या उजव्या बाजूने चालली. मग तिनेच विचारलं, "कसं वाटलं?"

"छान होतं," ते म्हणाले. "सगळी माणसं चांगली गातात." थोडं चालून झाल्यावर म्हणाले, "पण मला छोटी नाही सापडली गं त्यात. एवढ्या आवाजांत ती कुठली, मला कळलंच नाही. आपल्या घरी ती एकटी असायची. तेव्हा कळायची."

वहिनीला वाटलं होतं आपण त्यांची बहीण त्यांना परत देतोय. आणि तिला मिळाली त्याच जागी त्यांच्या हातून सुटली होती. "ऐकून ऐकून कळतं," ती म्हणाली. "मला नाही का, जन्म गेला तेव्हा कळलं."

"मग माझं कसं व्हायचं? एकच तर कान आहे."

तिने त्यांचा हात धरला. रस्त्यात माणसं होती, आणि या वयात रस्त्यात हात धरायची त्यांना सवय नव्हती, पण त्यांनी तो सोडवून घेतला नाही. पुढच्या शनिवारी ते तिच्या आधी कपडे करून बसले होते. वर्गात त्यांनी मागचं बाक सोडलं आणि वहिनीच्या अगदी पायाशी बाक ओढून घेतलं. गाणं झालं, तिने खाली बघितलं, त्यांनी मान हलवली. नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही तसंच, आणि त्याच्या पुढच्याही.

लेकीचा फोन आला. "आई, खोली कधीची रंगवून ठेवलीय. येताय ना?"

"इतक्यात नाही गं," वहिनी म्हणाली. "तुझ्या बाबांना अजून आत्या ऐकू आली नाही."